रात्री तीनचं मीटर: पर्यटन व्यवसायात पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली कुठून सुरू करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाळीस खोल्यांचं हॉटेल आहे, जोडीला पाहुण्यांसाठी बोटीच्या फेऱ्या आणि पायी सहली आहेत. दोन टूर कंपन्यांनी पुढच्या कराराआधी पर्यावरणाचं प्रमाणपत्र मागितलं आहे. कन्सल्टंट म्हणतो, आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापन प्रणालीचं आंतरराष्ट्रीय मानक) घ्या, तीन महिन्यांत सगळी फाइल तयार करून देतो. घ्यावं का? सुरुवात कुठून करावी? आणि कर्मचाऱ्यांना हे सगळं जादा काम वाटतं, त्याचं काय करायचं?

मी बरीच वर्षं हॉटेलांच्या मेंटेनन्स विभागात काढली आणि नंतर ऑडिटर म्हणून इतरांच्या फाइली तपासत आलो. त्यामुळे फाइलींबद्दल माझं बोलणं जरा कडवट होतं, ते समजून घ्या.

प्रमाणपत्राचा निर्णय सहा महिने पुढे ढकला. त्याआधी एक काम करा. एखाद्या रात्री तीन वाजता उठा आणि विजेच्या व पाण्याच्या मुख्य मीटरसमोर जाऊन उभे राहा. पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा आकडे लिहून घ्या. त्या वेळी पाहुणे झोपलेले असतात, स्वयंपाकघर बंद असतं, लॉन्ड्री बंद असते. तरीही मीटर फिरत असतं. काही गोष्टी चालू असणारच: शीतकपाटं, खोल्यांचे एसी, जिन्यातले दिवे. पण त्याच वेळी स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा, रिकाम्या सभागृहाचा एसी किंवा पूर्ण वेगाने धावणारा पोहण्याच्या तलावाचा पंपही चालू सापडतो. पाण्याचं मीटर तर या वेळी जवळजवळ थांबलेलं असायला हवं. (साठवण टाकी भरत असेल तर मुख्य मीटर फसवतं. तेव्हा टाकीकडे येणारा व्हॉल्व्ह तासभर बंद करून टाकीची पातळी किती उतरते ते पाहा.)

एका हॉटेलात स्वागतकक्षात पर्यावरण धोरण सोनेरी चौकटीत लावलेलं होतं, संचालकांच्या सहीसह. रात्री पाण्याचं मीटर बघायला गेलो तर ते संथ, पण न थांबता फिरत होतं. दुसऱ्या दिवशी संडासांच्या फ्लश टाक्यांमध्ये खाण्याचा रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश न करता थांबलो. बऱ्याच भांड्यांमध्ये रंग उतरलेला दिसला, म्हणजे टाक्यांचे रबरी वॉशर गेलेले होते. गळणाऱ्या एका फ्लश टाकीतून दिवसाला काहीशे लिटर पाणी आवाज न करता जाऊ शकतं. पाहुण्यांना मात्र त्याच खोल्यांमध्ये ‘पाणी वाचवा’ अशी चिठ्ठी ठेवलेली होती.

मला जे सांगायचं आहे ते सगळं या प्रसंगात आहे. पर्यटन व्यवसायात पर्यावरणाचा मोठा भार पडद्यामागे असतो: यंत्रखोलीत, खरेदी विभागात, लॉन्ड्रीत आणि स्वयंपाकघरात. आपण मात्र सगळी धडपड पडद्यासमोर करतो, म्हणजे पाहुण्याच्या उशाशी चिठ्ठी ठेवून त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करतो. जी प्रणाली पाहुण्याच्या सौजन्यावर उभी आहे, ती पहिल्या भरगच्च हंगामात कोसळते.

आता आकड्यांबद्दल, कारण इथेच सर्वांत जास्त फसगत होते. हॉटेलांत वापर ‘दर गेस्ट-नाइट’ सांगायची पद्धत आहे. एक पाहुणा एक रात्र राहिला की एक गेस्ट-नाइट. उदाहरणापुरतं धरा, की हॉटेल पूर्ण रिकामं असलं तरी महिन्याला ३०,००० युनिट वीज लागतेच, आणि प्रत्येक गेस्ट-नाइटमागे वर १० युनिट. मंदीच्या महिन्यात १,००० गेस्ट-नाइट झाल्या तर एकूण वापर ४०,०००, म्हणजे गेस्ट-नाइटमागे ४० युनिट. हंगामात ३,००० झाल्या तर एकूण ६०,०००, म्हणजे गेस्ट-नाइटमागे २० युनिट. आकडा थेट निम्म्यावर आला! एक दिवा बदलला नाही, एक पंप बंद केला नाही, फक्त खोल्या भरल्या. अशा आलेखावर टाळ्या वाजताना मी पाहिल्या आहेत. पुढच्या वर्षी मंदी आली की तोच आलेख उलटा फिरतो आणि मग मेंटेनन्सवाल्याला जाब विचारला जातो.

यावर उपाय सोपा आहे. गेल्या चोवीस महिन्यांची बिलं काढा. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर महिन्याच्या गेस्ट-नाइट, उभ्या अक्षावर त्या महिन्याचा एकूण वापर, आणि प्रत्येक महिन्याचा एक ठिपका. ठिपक्यांमधून अंदाजाने एक सरळ रेषा ओढा. ती उभ्या अक्षाला जिथे कापते, तो तुमचा रिकाम्या हॉटेलचा वापर. बहुतेक ठिकाणी हा आकडा पाहून मालक गप्प होतात. कडक उन्हाळ्याचे किंवा थंडीचे महिने रेषेच्या बरेच वर दिसतील, कारण तिथे हवामानाचा हात असतो. त्यांना वेगळ्या रंगाने खूण करा आणि त्या त्या ऋतूची स्वतंत्र रेषा बघा. वीज, पाणी, गॅस किंवा इंधन या तिघांचे असे तीन कागद झाले की तुमची ‘आधाररेषा’ तयार झाली. यापुढची प्रत्येक सुधारणा याच कागदांवर मोजायची.

तुलनेसाठी बाहेरचा एखादा आकडा हवा असेल तर युरोपीय आयोगाने २०१६ साली पर्यटन क्षेत्रासाठी काढलेला संदर्भ दस्तऐवज वापरण्यासारखा आहे. त्यात पूर्ण सेवा देणाऱ्या हॉटेलांसाठी उत्कृष्टतेची पातळी म्हणून गेस्ट-नाइटमागे १४० लिटर किंवा त्याहून कमी पाणी, आणि इमारतीच्या दर चौरस मीटरला वर्षाला १८० किलोवॅट-तास किंवा त्याहून कमी ऊर्जा असे आकडे आहेत. तुमचे आकडे याच्या दुप्पट निघाले तर घाबरू नका. ही चांगल्यातल्या चांगल्यांची पातळी आहे, सरासरी नाही. पोहण्याचा तलाव, स्वतःची लॉन्ड्री आणि बाग असलेल्या हॉटेलची तुलना यातलं काहीच नसलेल्या हॉटेलशी करण्यातही अर्थ नसतो.

कन्सल्टंट ज्याबद्दल बोलतो ते आयएसओ १४००१ मुळात काय आहे? या घराण्यातलं पहिलं मानक ब्रिटनमध्ये १९९२ साली आलं, बीएस ७७५० नावाचं. आयएसओ १४००१ ची पहिली आवृत्ती १९९६ ची, नंतर २००४ आणि २०१५ मध्ये सुधारणा झाल्या. २०२४ मध्ये एक छोटी पण महत्त्वाची भर पडली: हवामान बदल हा आपल्या व्यवसायाशी संबंधित मुद्दा आहे का, हे संस्थेने ठरवलंच पाहिजे. गाभा तोच, योजना करा, अमलात आणा, तपासा, दुरुस्त करा. युरोपात याला समांतर एमास ही योजना १९९५ पासून चालू आहे. सुरुवातीला ती फक्त उद्योगांसाठी होती, २००१ मध्ये सेवा व्यवसायांसह सगळ्यांना खुली झाली. एमासमध्ये आकड्यांसह पर्यावरण निवेदन स्वतंत्र पडताळणी करून जाहीर करावं लागतं. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे, कारण जाहीर केलेल्या आकड्याला मालक घाबरतो आणि फाइलीतल्या आकड्याला कोणीच घाबरत नाही.

एक गोष्ट कन्सल्टंट सहसा सांगत नाहीत. आयएसओ १४००१ कामगिरीची कुठलीही ठरावीक पातळी मागत नाही. तुम्ही किती पाणी वापरता याला मर्यादा नाही. कायदा पाळा, आपले महत्त्वाचे परिणाम ओळखा, उद्दिष्टं ठेवा आणि सुधारत राहा, एवढंच ते म्हणतं. त्यामुळे गेस्ट-नाइटमागे १५० लिटर वापरणाऱ्या आणि ९०० लिटर वापरणाऱ्या दोन हॉटेलांकडे एकच प्रमाणपत्र असू शकतं. हा मानकाचा दोष नाही, ते त्याचं स्वरूप आहे. पण प्रमाणपत्र म्हणजे ‘हे हॉटेल पर्यावरणाला चांगलं’ असा शिक्का समजून घेतलंत तर फसाल. आणखी एक: जाडजूड ‘मॅन्युअल’ची सक्ती या मानकात नाही आणि २०१५ च्या आवृत्तीपासून ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ म्हणून एक माणूस नेमण्याचीही नाही. तरीही कन्सल्टंट दोनशे पानांचं मॅन्युअल देणार असेल, तर ते त्याच्या संगणकात आधीच तयार आहे. त्यात फक्त तुमचं नाव बदललं जाईल.

प्रणालीचा पाया म्हणजे पर्यावरणीय पैलूंची नोंदवही: आपल्या कोणत्या कामातून पर्यावरणावर काय परिणाम होतो याची यादी. ही खुर्चीत बसून करू नका. मेंटेनन्सचा एक माणूस, हाऊसकीपिंगची सुपरवायझर आणि स्वयंपाकघरातला एक जण असे तिघं घेऊन मागच्या दारापासून फिरायला लागा. माल कुठून आत येतो, कचरा कुठून बाहेर जातो, सांडपाणी कुठे जातं, जनरेटरचं इंधन कशात साठवलंय, त्याखाली गळती अडवायला तबक आहे का. तलावाच्या रसायनांच्या खोलीत तर नक्की जा. क्लोरीनसाठीचं हायपोक्लोराइट आणि आम्ल एकाच फळीवर शेजारी ठेवलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. ही दोन्ही मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. रोजचं कामकाज सुरळीत असताना तिथे परिणाम शून्य, आणि डबा फुटला तर माणसं दवाखान्यात. नोंदवहीत ‘नेहमीची स्थिती’, ‘वेगळी स्थिती’ आणि ‘आणीबाणी’ असे तीन रकाने याचसाठी असतात.

नोंदवह्यांत सर्वांत जास्त सुटणारा पैलू म्हणजे एसी आणि शीतकपाटांतला वायू. कार्यालयातला कागद यादीत पहिल्या ओळीवर असतो आणि शीतक वायूचा पत्ताच नसतो. आर-४१०ए या सर्रास वापरल्या जाणाऱ्या वायूची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट धरली जाते. म्हणजे एक किलो वायू गळला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. एक लिटर डिझेल जाळल्यावर साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हिशेब केला तर एक किलो गळती म्हणजे जवळपास पावणेआठशे लिटर डिझेल. दर वर्षी ‘गॅस भरून घेतला’ अशा तीन-चार पावत्या तुमच्या हिशेबात असतीलच. त्या काढा आणि किलोंची बेरीज करा. मशीनमधला वायू वापरला जात नसतो, तो बंद चक्रात फिरतो. भरावा लागला याचा अर्थ तेवढा गळला. गळती शोधून बुजवल्याशिवाय वायू भरायचा नाही, एवढा एक नियम तुमच्या एसीवाल्याच्या करारात घाला. कागद वाचवण्याच्या दहा मोहिमांपेक्षा हा नियम जास्त कामाचा आहे. नवी यंत्रं घेताना कोणता वायू आहे ते विचारा. आर-३२ चा हाच आकडा ६७५ आहे. मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराला २०१६ साली किगालीत झालेल्या दुरुस्तीनंतर हे सगळे वायू जगभर टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहेत, तेव्हा जुन्या वायूची यंत्रं आज घेणं म्हणजे उद्याची अडचण विकत घेणं.

गरम पाण्याबाबत एक इशारा, कारण इथे उत्साही लोक चूक करतात. ऊर्जा वाचवायची म्हणून गरम पाण्याच्या टाकीचं तापमान ४५ अंशांवर आणणारा मॅनेजर मी पाहिलाय. लिजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. त्याची ओळखच मुळी १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झालेल्या अधिवेशनानंतर पटली. म्हणून टाकीत ६० अंश आणि नळापर्यंत पोहोचताना निदान ५० अंश हे तापमान राखायचं, भाजण्याचा धोका असेल तिथे नळाजवळ मिश्रण व्हॉल्व्ह बसवायचा. मंदीत एखादा मजला बंद ठेवणं ही ऊर्जा वाचवायची उत्तम युक्ती आहे, पण बंद मजल्यावरच्या नळ्यांत पाणी साचून राहतं. तिथले नळ आणि शॉवर दर आठवड्याला काही मिनिटं सोडलेच पाहिजेत. पाणी वाया जातंय म्हणून हे टाळू नका. ऊर्जा आणि पाणी वाचवायचं ते टाकी आणि नळ्यांना जाड आवरण घालून, आणि शॉवरचा प्रवाह कमी करून. जुने शॉवर मिनिटाला पंधरा-वीस लिटर सोडतात, चांगले नवे आठ-नऊ लिटरमध्ये काम भागवतात आणि पाहुण्याला फरक कळत नाही. बादली आणि घड्याळ घेऊन प्रत्येक खोलीत एकदा मोजून बघा. दाबाप्रमाणे एकाच मजल्यावर केवढा फरक पडतो ते दिसेल.

टॉवेलची चिठ्ठी आता घेऊ, कारण तुमच्या डोक्यात तीच असणार. ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्दच मुळी तिच्यामुळे रूढ झाला. जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने १९८६ साली हॉटेलांच्या टॉवेल वाचवा मोहिमेवर टीका करताना तो वापरला. तरी चिठ्ठी निरुपयोगी नाही. गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. ‘पर्यावरण वाचवा’ अशा नेहमीच्या चिठ्ठीवर सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, तर ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ अशा चिठ्ठीवर सुमारे ४४ टक्क्यांनी. पुढच्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे’ असं लिहिल्यावर आकडा ४९ च्या आसपास गेला. म्हणजे शब्द बदलण्यालाही मोल आहे.

पण चिठ्ठी जिथे मोडते ती जागा वेगळीच आहे. पाहुणा टॉवेल नीट दांडीवर टांगून बाहेर जातो आणि परत येतो तेव्हा नवा टॉवेल लावलेला असतो. हे तुम्हीही पाहुणा म्हणून अनुभवलं असेल. एका हॉटेलात मी खोली आवरणाऱ्या बाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, ‘साहेब, सुपरवायझरच्या तपासणी कागदावर “टॉवेल ताजे” असा रकाना आहे. जुना टॉवेल दिसला की माझा गुण कापला जातो. चिठ्ठी तुमची, गुण माझे.’ त्यांचं काय चुकलं? पर्यावरण प्रशिक्षणाला त्यांची सही होती, पोस्टर भिंतीवर होतं, पण ज्या कागदावर त्यांचा दिवस ठरत होता त्या कागदावर उलटी सूचना होती. आम्ही तो रकाना बदलून ‘टांगलेला टॉवेल तसाच ठेवला, जमिनीवरचा बदलला’ असा केला. नवं प्रशिक्षण काहीच घेतलं नाही, तरी टॉवेल बदलणं कमी झालं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, कर्मचाऱ्यांच्या नाराजीचं, माझ्याकडे हेच उत्तर आहे. त्यांना ते जादा काम वाटतं, कारण तुम्ही ते खरोखरच जादा काम म्हणून देत आहात: वेगळा फॉर्म, वेगळी बैठक, वेगळी ‘ग्रीन टीम’. त्यापेक्षा आधीपासून चालू असलेल्या कागदांत शिरा. खोली आवरण्याच्या तपासणी यादीत ‘नळ किंवा फ्लश गळतोय का’ हा एक प्रश्न घाला आणि त्याचं उत्तर त्याच दिवशी मेंटेनन्सच्या तक्रारवहीत जाईल असं बघा. दुरुस्ती दोन दिवसांत होताना दिसली तर बाई पुन्हा कळवतील. तीन आठवडे काहीच झालं नाही तर त्या कळवणं सोडून देतील, आणि ते योग्यच आहे. स्वयंपाकघरात उपकरणं चालू करण्याच्या वेळा ओट्याजवळ चिकटवा. सकाळच्या शिफ्टने आल्या आल्या सगळ्या भट्ट्या पेटवायची सवय सगळीकडे असते. खरेदी विभागाला साफसफाईच्या रसायनांची यादी अर्धी करायला सांगा. हंगामी कामगार दर वर्षी बदलतात, म्हणून जे शहाणपण माणसांच्या डोक्यात ठेवाल ते हंगामासोबत निघून जाईल. ते यादीत, व्हॉल्व्हवरच्या पट्टीवर आणि टायमरमध्ये ठेवा.

अन्नाच्या नासाडीसाठी आठवडाभर तीन डबे आणि एक वजनकाटा पुरतो: तयारीत निघालेला भाग, न वाढता उरलेलं, आणि ताटात टाकलेलं. तिन्ही वेगळे तोला, कारण तिघांची कारणं आणि उपाय वेगळे आहेत. पहिला स्वयंपाक्याचा, दुसरा अंदाजाचा, तिसरा वाढण्याचा. बुफेबद्दल नॉर्वेतल्या हॉटेलांमध्ये काल्बेकेन आणि सेलेन यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ताटांचा आकार लहान केला किंवा ‘हवं तितक्यांदा पुन्हा घ्या’ अशी पाटी लावली, तर नासाडी सुमारे २० टक्क्यांनी घटली. पाहुणे नाराज झाले नाहीत. यात त्याग कुणाचाच नाही, म्हणूनच मला तो आवडतो.

बोटी आणि सहलींचं काय? इथे ‘ताबा’ आणि ‘प्रभाव’ यांतला फरक समजून घ्या. मानक दोन्ही विचारतं. बोट तुमची असेल तर इंजिनाचं तेल, बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणारं, तेलकट पाणी आणि संडासाची टाकी कुठे रिकामी होते हे तुमच्या ताब्यातलं. बोट कंत्राटदाराची असेल तर कराराची अट आणि अचानक जाऊन पाहणं हे तुमच्या प्रभावातलं. पाण्याखालच्या प्रवाळांना पाहुण्यांच्या पायांइतकाच नांगराचा त्रास होतो. कायमस्वरूपी बोया (तळाशी पक्के बांधलेले तरंगते गोळे) असतील तिथेच बोट बांधायची, नाहीतर वाळूवरच नांगर टाकायचा, ही अट लेखी घ्या. पाण्याखाली डुबकी मारण्याच्या (स्कूबा) सहली असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पाठबळाने २००४ पासून चालणाऱ्या ग्रीन फिन्स उपक्रमाची आचारसंहिता तयार मिळते, आणि आयएसओ २१४१६ हे २०१९ चं मानक नेमकं याच विषयावर आहे. पायी सहलींत गटाचा आकार, वाट न सोडणं आणि मैल्याची व्यवस्था एवढं तरी आधी ठरवा. वाटाड्याला नियम मोडणाऱ्या पाहुण्याला थांबवायचा अधिकार आहे आणि त्याबद्दल त्याची बक्षिसी बुडाली तरी व्यवस्थापन पाठीशी उभं राहील, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

पाहुणे तुमच्यापर्यंत ज्या विमानाने येतात त्याचं उत्सर्जन अनेकदा हॉटेलच्या सगळ्या वापराहून जास्त असतं. ते तुमच्या ताब्यात नाही. पण ‘जास्त रात्री राहा, कमी वेळा या’ अशी सवलतीची रचना तुमच्या हातात आहे. ती विक्री विभागाला समजावणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड ऑडिट होतं.

आता प्रमाणपत्र. आधी त्या दोन टूर कंपन्यांना लेखी विचारा: नेमकी कोणती प्रमाणपत्रं तुमच्या यादीत चालतात? बऱ्याचदा त्यांना आयएसओ १४००१ नकोच असतं. जागतिक शाश्वत पर्यटन परिषदेच्या, म्हणजे जीएसटीसीच्या, निकषांशी जुळणारं काहीतरी हवं असतं. ते निकष पहिल्यांदा २००८ मध्ये आले. त्यांत पर्यावरणासोबत व्यवस्थापन, स्थानिक समाज आणि सांस्कृतिक वारसाही आहे. जीएसटीसी स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही. ती मानकांना ‘मान्यता’ देते आणि प्रमाणन संस्थांना ‘अधिस्वीकृती’. या दोन शब्दांचा घोळ जाहिरातींत मुद्दाम घातला जातो. मानक मान्यताप्राप्त असलं तरी ऑडिट करणारी संस्था अधिस्वीकृत असेलच असं नाही. निवासव्यवस्थांसाठीच बनवलेलं आयएसओ २१४०१ हे २०१८ चं मानकही आहे, आणि डेन्मार्कमध्ये १९९४ साली सुरू झालेलं ग्रीन की हे प्रमाणपत्र लहान हॉटेलांना झेपण्यासारखं आहे, कारण त्यात काय करायचं ते नेमकं सांगितलेलं असतं. चाळीस खोल्यांच्या हॉटेलला मी सहसा असंच काहीतरी आधी सुचवतो. आयएसओ १४००१ चं ऑडिट दोन टप्प्यांत होतं, प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दर वर्षी पाहणी होते. ते पेलायला अंगात सवय लागते, आणि ती लागायलाच तुमच्याकडे सहा महिने मागितलेत. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, तेव्हा ‘आयएसओकडून प्रमाणित’ असं पाटीवर लिहू नका.

तुमचे पाहुणे युरोपातून येत असतील तर एक तारीख लक्षात ठेवा: २७ सप्टेंबर २०२६. त्या दिवसापासून युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाप्रमाणे ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’ असे मोघम दावे आधाराशिवाय करता येणार नाहीत. प्रमाणन योजनेचं किंवा सरकारी पाठबळ नसलेले, घरी बनवलेले हिरवे शिक्केही चालणार नाहीत. दुसऱ्याच कुठल्या ठिकाणी झाडं लावल्याच्या जोरावर ‘ही सहल कार्बन न्यूट्रल’ असं म्हणण्यालाही बंदी येते. टूर कंपन्यांची घाई बहुधा यातूनच आली आहे.

कायद्याची यादी कंटाळवाणी असते, पण पहिल्याच ऑडिटमध्ये बहुतेक जण तिथेच अडकतात. सांडपाणी, जनरेटर, कूपनलिका, घातक कचरा, आवाज, किनारा किंवा जंगलाजवळचे निर्बंध: प्रत्येकासमोर परवान्याची मुदत आणि ती वाढवण्याची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव लिहा. नाव लिहा, पद नको. पद रिकामं राहू शकतं.

दर तीन महिन्यांनी मालकासोबत अर्धा तास बसा. त्या बैठकीत तुमचे तीन आलेख, शीतक वायूच्या किलोंची बेरीज, न मिटलेल्या गळत्यांची संख्या आणि ‘पुढच्या तिमाहीत पैसे कशावर’ हा एक निर्णय, एवढंच असावं. निर्णय न होता बैठक संपली तर ती झालीच नाही असं धरा.

राहिला तुमचा कन्सल्टंट. त्याला टाळा असं मी म्हणत नाही. चांगला कन्सल्टंट वेळ वाचवतो. त्याने आधी एखाद्या हॉटेलसाठी केलेली पैलूंची नोंदवही, नाव झाकून, दाखवायला सांगा. तिच्यात पहिल्या ओळीवर ‘कागदाचा वापर’ असेल आणि शीतक वायू, तलावाची रसायनं, बोटीचं बिल्ज यांपैकी एकही शब्द नसेल, तर नमस्कार करून निरोप द्या. हे सगळं त्यात असेल तर त्याला रात्री तीन वाजता मीटरपाशी बोलवा, आणि येतो का ते पाहा.